डिंक कुणाचा, झाड कुणाचे?

मोरगावच्या मयूरेश्वरापुढे किंवा नीरा नरसिंहपूरच्या नृसिंहापुढे धुपाटण्यातल्या निखाऱ्यावर जी चिमूट पडते, तिचा माग काढायचा तर बारामती-इंदापूरपासून बरेच लांब जावे लागते. लोबान असेल तर तो मूळचा सुमात्रा आणि आसपासच्या वर्षावनांतला. राळ असेल तर साल वृक्षाची, नाहीतर सह्याद्रीच्या दक्षिणेकडच्या सदाहरित रानात वाढणाऱ्या धूप नावाच्या उंच झाडाची. सालईचा डिंक असेल तर सातपुड्यातल्या नि विदर्भातल्या कोरड्या डोंगरउतारांवरचा, आणि गुग्गुळ असेल तर बहुधा कच्छ-राजस्थानकडचा. या सगळ्या वस्तू झाड न पाडता मिळतात. म्हणूनच गेली तीस-चाळीस वर्षे जंगल वाचवण्याच्या चर्चेत त्यांचे नाव आवर्जून घेतले जाते. लाकूड एकदाच विकता येते, चीक दरवर्षी निघतो, तेव्हा चिकाला बाजार मिळाला की जंगल आपोआप टिकेल, असा तो हिशेब आहे. हिशेब आकर्षक आहे, पण अर्धाच खरा आहे. चिकाला भाव मिळाल्याने झाड वाचतेच असे नाही, कित्येकदा ते त्यामुळेच मरते. ज्याच्या हातात कोयता आहे त्याला वीस वर्षांनीही हेच झाड आपल्याकडे असेल याची खात्री वाटते का, यावर झाडाचे आयुष्य ठरते. ही अट वर्षावनात पाळणे अवघड असते. वर्षाला जेमतेम ५०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडणाऱ्या बारामती-इंदापूरच्या जिराईत पट्ट्यात मात्र ती बांधावरच्या साध्या बाभळीच्या बाबतीत बरीचशी पुरी होऊ शकते. इकडे कुणाचे फारसे लक्ष गेलेले नाही.

आधी चिकाचे प्रकार वेगळे करायला हवेत, कारण किराणा दुकानात ते सगळे शेजारीशेजारी बरण्यांत असतात. बाभळीच्या डिंकाचा खडा वाटीभर पाण्यात टाकून ठेवला तर सकाळपर्यंत तो विरघळतो आणि पाणी चिकट होते. राळेचा खडा त्याच वाटीत कितीही दिवस तसाच राहील, त्याला स्पिरिट किंवा तेल लागते. निखाऱ्यावर टाकले की फरक आणखी उघड होतो. राळ वितळते आणि दरवळणारा धूर सोडते, तर डिंक फुगून करपतो आणि जळक्या साखरेसारखा वास येतो. डिंक हा साखरेच्या रेणूंच्या लांब साखळ्यांचा बनलेला असतो, राळेत मात्र सुगंधी तेलांच्या कुळातली द्रव्ये असतात. सालई आणि गुग्गुळ यांच्या चिकात दोन्ही एकत्र असतात, म्हणून तो पाण्यात पूर्ण विरघळतही नाही आणि कोरडाही राहत नाही, नुसता दुधाळ होतो. मूळ कारण मात्र सगळीकडे एकच. साल फाटली, किडीने पोखरली, उन्हाने तडकली की झाड जखमेवर हा चीक आणून ती बुजवते. डिंक काढणे म्हणजे झाडाला मोजून जखम करणे, आणि टिकाऊपणाचा सारा प्रश्न त्या मोजण्यात आहे.

सुगंधी चिकाच्या व्यापारात हे मोजमाप किती चुकते, याचा सर्वांत बोलका पुरावा आफ्रिकेतला आहे. जगाच्या चर्चमध्ये जळणारा धूप मोठ्या प्रमाणात इथिओपिया, एरिट्रिया आणि सुदानमधल्या एका झाडापासून येतो. ते आपल्या सालईचे सख्खे भावंड. एरिट्रियातल्या झाडांवर झालेला एक अभ्यास २००६ साली प्रसिद्ध झाला. ज्या झाडांना फार खाचा पाडल्या होत्या त्यांचे बी जेमतेम सोळा टक्के रुजले, मोकळ्या सोडलेल्या झाडांचे ऐंशी टक्क्यांहून अधिक. साठवलेली ताकद जखमा भरण्यात गेली की बियांसाठी काही उरत नाही. २०१९ साली ‘नेचर सस्टेनेबिलिटी’ या नियतकालिकात आलेल्या मोठ्या पाहणीत तर असे दिसले, की पाहिलेल्या तीन चतुर्थांशाहून अधिक ठिकाणी लहान झाडेच नव्हती. कित्येक दशके तिथे नवे रोप तगलेलेच नाही, आणि पुढच्या वीस वर्षांत उत्पादन निम्म्यावर येईल असा अंदाज अभ्यासकांनी वर्तवला. चराई, वणवे आणि भुंगे यांचाही त्यात वाटा आहे. लांबून पाहिले तर मोठी झाडे जागेवर आहेत, धूपही बाजारात येतो आहे, पण त्या जंगलात पुढची पिढी नाही.

आपल्याकडे गुग्गुळाची कथा याहून वेगळी नाही. १९६६ साली बनारस हिंदू विद्यापीठात डॉ. जी. व्ही. सत्यवती यांनी सुश्रुतसंहितेतल्या मेदोरोगाच्या वर्णनाचा धागा धरून गुग्गुळावर संशोधन केले. पुढे लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेत त्यापासून रक्तातली चरबी कमी करण्याचे औषध तयार झाले. मागणी वाढली आणि झुडूप मात्र हळू वाढणारे. लवकर आणि जास्त चीक निघावा म्हणून खोल खाचा पाडल्या गेल्या. अशा खाचा पडलेले झुडूप हंगामानंतर वाळून जाते. आज गुग्गुळ आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाच्या यादीत अतिसंकटग्रस्त म्हणून नोंदलेला आहे. सालईचे उलट झाले. तिच्या चिकाकडे दुर्लक्ष करून लाकूडच मोजले गेले. खानदेशच्या सीमेला लागून असलेल्या नेपानगरचा वर्तमानपत्री कागदाचा कारखाना १९५६ साली पंडित नेहरूंच्या हस्ते राष्ट्राला अर्पण झाला, आणि त्याच्या लगद्यासाठी बांबूबरोबर सालईची झाडे गेली. एका झाडाला मागणीने मारले, दुसऱ्याला चिकाची किंमत नसल्याने. तेव्हा भाव वाढवा किंवा भाव पाडा, असा एकच सरधोपट उपाय इथे चालत नाही.

मग कुठे चालले? त्याच आफ्रिकेत, सुदानच्या कोर्दोफान भागात. थंड पेयांपासून औषधी गोळ्यांपर्यंत ज्याच्यावाचून चालत नाही तो डिंक जगाला सर्वाधिक सुदान पुरवतो. ही गरज एवढी आहे की अमेरिकेने १९९७ साली सुदानवर व्यापारी निर्बंध लादले तेव्हा डिंक त्यातून वगळावा लागला. हा डिंक देणारी झाडे बाभळीच्याच गोतातली. तिथला शेतकरी ती आपल्या शेतात राखतो, काही वर्षे डिंक घेतो, झाडे म्हातारी झाली की तोडून त्या सुपीक झालेल्या जमिनीत बाजरी-तीळ पिकवतो, आणि मग पुन्हा झाडे येऊ देतो. झाड, जमीन आणि डिंक तिन्हींचा धनी एकच. शेजारच्या इथिओपियात धुपाची जंगले सरकारी मालकीची. कंपन्या आणि सहकारी संस्थांना ती काही मुदतीने मिळतात, खाचा पाडायला हंगामी मजूर येतो आणि हंगाम संपला की जातो. आपण पाडलेल्या अकराव्या, बाराव्या खाचेने पाच वर्षांनी काय होणार, याच्याशी त्याला कर्तव्य असण्याचे कारणच नसते. अर्थात मालकी हे सर्वरोगहारी औषध नाही, हेही सुदाननेच दाखवले. १९६९ पासून २००९ पर्यंत तिथे डिंकाच्या निर्यातीची मक्तेदारी एकाच कंपनीकडे होती. शेतकऱ्याच्या पदरी पडणारा भाव घसरला तेव्हा त्यानेच आपली झाडे तोडून कोळसा केला. म्हणजे झाडावर हक्क हवा आणि डिंकाला रास्त भावही हवा. दोन्ही असतील तरच कोयता जपून चालतो.

या कसोटीवर बारामती-इंदापूर ठेवून पाहू. इथले डिंकाचे झाड बाभूळ. भीमा आणि तिच्या उपनद्यांच्या काठची बाभळीची कुरणे इंग्रजी अमदानीतही राखली जात होती. बांधावरची, विहिरीजवळची, ओढ्याकाठची बाभूळ तर शेतकऱ्याचीच. तिच्या लाकडाचे नांगर, कुळव, गाडीची चाके झाली, काट्यांचे कुंपण झाले, सालीने कातडी कमावली गेली, कोवळ्या काडीचे दातवण झाले. काठीसारखी सरळ उभी जाणारी रामकाठी तर दख्खनच्या माळाची ओळख आहे. तिची सावली पसरत नाही म्हणून पिकालाही तिचा जाच कमी. धुपाच्या झाडाला जी अडचण आहे, नवी पिढी न येण्याची, ती बाभळीला नाही. शेळ्या-मेंढ्या शेंगा खातात, पोटातून जाऊन आलेले कठीण कवचाचे बी उलट लवकर रुजते, आणि धनगरांचे वाडे जिथे बसतात तिथे दोन पावसाळ्यांत रोपे दिसू लागतात. चराई तिथे शत्रू ठरली, इथे तीच पेरणी करते. डिंकाचा हंगामही सोयीचा आहे. थंडी सरून उन्हाचा तडाखा वाढला, हवा कोरडी पडली की खोडावर डिंकाचे मणी दिसू लागतात. कोवळा असताना तो मधासारखा पिवळट आणि पारदर्शक असतो, बोटाला लागतो. चार-आठ दिवसांत वाळून काचेसारखा टणक होतो आणि नखाने निघतो. जुना, सालीचा रंग उतरलेला डिंक काळपट तांबूस असतो आणि त्याला भाव कमी.

इथे एक गोष्ट डाळिंब लावणाऱ्याला सांगावी लागणार नाही. बहार धरायचा तर बागेला ताण द्यावा लागतो. बाभळीच्या डिंकाचेही तसेच आहे. बारमाही ओलावा मिळणारे हिरवेगार झाड डिंक कमी देते, पाण्याला तरसलेले जास्त. म्हणजे या दोन तालुक्यांत डिंकाची जागा नीरा डाव्या कालव्याच्या उसाच्या पट्ट्यात नसून सुपे, मोरगाव, शिर्सुफळ, कडबनवाडी अशा कोरडवाहू बाजूला आहे. डाळिंबाची पानगळ करायला जे इथेफॉन वापरतात, तेच द्रव्य जोधपूरच्या केंद्रीय शुष्क क्षेत्र संशोधन संस्थेने मोजक्या मात्रेत खोडात टोचून डिंक वाढवण्याची रीत बसवली. राजस्थानात कुमट नावाच्या झाडावर ती वापरतात, आणि एरवी चिमूटभर डिंक देणारे झाड पाव ते अर्धा किलोपर्यंत जाते. पण मात्रा वाढली की झाड खंगते, आणि मोहात पडून मात्रा वाढवणे अगदी सोपे असते. तेव्हा ही रीत इकडे आणायची तर आधी इथल्या बाभळीवर तिच्या चाचण्या व्हायला हव्यात. माळेगाव खुर्दला २००९ साली स्थापन झालेली राष्ट्रीय अजैविक ताण व्यवस्थापन संस्था पाण्याच्या ताणावरच काम करते. मुरमाड माळावर तिने आपले प्रक्षेत्र उभे केले आहे. किती घेराच्या झाडाला किती टोचावे, किती वर्षे विसावा द्यावा, बियांवर काय परिणाम होतो, याची उत्तरे तिथे काही हंगामांत मिळू शकतात. तोवर उन्हाने आणि किडीने आपसूक आलेला डिंक वेचणे आणि फार तर उथळ खाच देणे, एवढ्यावरच थांबणे शहाणपणाचे.

यावर पहिला आक्षेप पैशाचा येईल, आणि तो खरा आहे. उसाच्या, केळीच्या, डाळिंबाच्या मुलखात डिंकाने काय होणार? समजा एखाद्याच्या बांधावर वीस मोठ्या बाभळी आहेत आणि प्रत्येकीने दोनशे ग्रॅम दिला, तर चार किलो डिंक हाती येईल. त्यावर संसार चालत नाही. चालेल असे सांगणारा फसवतो आहे. पण हे चार किलो उसाची जागा अडवून आलेले नाहीत, पाणी पिऊन आलेले नाहीत, आणि जिराईत भागात जेव्हा रानात काहीच काम नसते त्या फाल्गुन ते वैशाखात येतात. शिवाय झाडाचे बाकीचे देणे चालूच राहते. शेंगा शेळ्यांना, काटे कुंपणाला, मुळांवरच्या गाठींतला नत्र जमिनीला. डिंकाकडे उत्पन्नाचे साधन म्हणून पाहिले तर तो हास्यास्पद ठरतो. बांधावरची बाभूळ तोडायला आलेल्या लाकूडवाल्याला परत पाठवण्याचे कारण म्हणून पाहिला, तर त्याची किंमत कळते.

दुसरा आक्षेप निसर्ग अभ्यासकांचा, आणि तो अधिक गंभीर. बारामती-इंदापूरचा माळ ओसाड नसून ते गवताळ प्रदेशाचे स्वतंत्र जग आहे. सुप्याचे मयूरेश्वर अभयारण्य १९९७ साली जाहीर झाले. ते उण्यापुऱ्या पाच चौरस किलोमीटरचे असले तरी चिंकाऱ्यांसाठी राखलेले आहे. कडबनवाडी आणि शिर्सुफळच्या माळांवर लांडगा, खोकड, तरस, धाविक अशी मोकळ्या रानातली मंडळी आहेत, आणि वनखात्याने तिथे आता गवताळ सफारीही सुरू केली आहे. उद्या डिंकाच्या नावाखाली या गवतात बाभळीची रोपे ओळीने लावली गेली, तर लांडग्याचे रान जाईल आणि डिंकही मिळणार नाही. वृक्षारोपणाच्या आकड्यांनी या माळांचे आजवर पुष्कळ नुकसान केले आहे. म्हणून इथे नवी लागवड मागायची नाही. जी बाभूळ बांधावर, ओढ्याकाठी, रस्त्याकडेला आणि जुन्या कुरणांच्या पट्ट्यांत आधीच उभी आहे, तेवढीच डिंकाच्या कामाची. गवतात घुसलेली वेडी बाभूळ मात्र काढायलाच हवी. तिलाही डिंक येतो, आणि गुजरातेत बनासकांठ्यातल्या स्त्रिया ‘सेवा’ संघटनेच्या आधाराने तो गोळा करत आल्या आहेत. तेवढ्या कारणासाठी ती माळावर राखणे म्हणजे रोगाला जेवू घालणे होईल.

तिसरा प्रश्न मजुराचा. वेडी बाभूळ तोडून कोळसा पाडण्याचे काम पश्चिम महाराष्ट्रात अनेक ठिकाणी रायगडकडून आलेली कातकरी कुटुंबे करतात. पावसाळ्यात उचल घ्यायची, दिवाळीनंतर भट्टीवर यायचे, पोत्यामागे मजुरी, आणि हिशेब बहुधा मुकादमाच्याच वहीत. त्या माणसाचा झाडाशी संबंध एवढाच, की ते आज संपवून उद्या पुढच्या रानात जायचे. डिंकाचे कामही असेच ठेक्यावर गेले, तर कोर्दोफानऐवजी इथिओपियाच इथे उतरेल. सार्वजनिक जागेवरच्या बाभळींचा लिलाव एका वर्षासाठी झाला, तर ठेकेदार त्या वर्षात जेवढे निघेल तेवढे काढील. त्याच्या जागी आपण असतो तर आपणही तेच केले असते. गुजरातेतल्या स्त्रियांचा अनुभवही हेच सांगतो. झाडे होती, वेचणारे हात होते, पण परवाना आणि खरेदी सरकारी वनविकास महामंडळाच्या हाती आणि भावही तेच ठरवणार, तोवर उन्हातान्हातल्या कष्टाचे चीज झाले नाही. याउलट गडचिरोलीच्या मेंढा-लेखा गावाने २००९ साली सुमारे १,८०० हेक्टर वनावर सामूहिक हक्क मिळवला, आणि २०११ साली बांबूच्या वाहतुकीचा परवाना देण्याचा अधिकारही ग्रामसभेच्या हाती आला. तोडायचे किती, हा निर्णय पुढच्या वर्षीही त्याच रानात राहणाऱ्यांकडे आला.

कायद्याचा एक बारकावा इथे उपयोगी आहे. १९२७ च्या भारतीय वन अधिनियमाच्या मूळ व्याख्येत राळ, कात, कोळसा अशा काही वस्तू जंगलातून आलेल्या असोत वा नसोत, वनोपजच मानल्या आहेत. डिंकाचे नाव त्या यादीत नाही. तो जंगलात मिळाला तरच वनोपज ठरतो. म्हणजे स्वतःच्या बांधावर कुणी धुपाचे झाड लावले तरी त्याची राळ विकताना वनखात्याची आठवण ठेवावी लागेल, आणि बाभळीच्या डिंकाला त्या मानाने वाट मोकळी आहे. बाजाराची वाट मात्र तेवढी मोकळी नाही. जागतिक अन्नव्यवहारात ज्याला अरबी डिंक म्हणतात, त्याच्या व्याख्येत आफ्रिकेतल्या दोनच जाती बसतात. आपली बाभूळ त्यात येत नाही, म्हणून परदेशी शीतपेयांची स्वप्ने पाहण्यात अर्थ नाही. तिचा बाजार घरातच आहे, बाळंतिणीच्या आणि थंडीच्या डिंकाच्या लाडवांत. तुपात टाकलेला चांगला खडा लाहीसारखा फुलतो आणि दाताखाली कुरकुरीत लागतो. साल, माती किंवा दुसऱ्या झाडाचा चीक मिसळलेला खडा मध्ये कच्चा राहतो आणि दाताला चिकटतो. गिऱ्हाईक हा फरक ओळखते, पण दुकानात त्याला बहुधा मिसळच मिळते, कारण खेड्यातून येतानाच सगळा डिंक एका पोत्यात पडतो. बाभळीचा वेगळा, धावड्याचा वेगळा, फिकट खडे वेगळे, काळपट वेगळे, एवढी निवड गावातच झाली तर वाढीव भाव वेचणारीच्या हाती राहतो. बचत गटांना हे काम परके नाही, पापड-मसाल्याच्या पाकिटांवर त्यांचा हात बसलेला आहे.

यातून करण्यासारखे जे निघते ते फार भव्य नाही. खाजगी बांधावरच्या झाडाचा डिंक शेतकऱ्याचा, आणि वेचणारी दुसरी असेल तर वाटा आधी ठरलेला. ओढे, रस्ते, गायरान अशा सार्वजनिक जागेवरच्या बाभळी ग्रामपंचायतीने वर्षाच्या लिलावाला न लावता ठरावीक ओळी ठरावीक कुटुंबांकडे दहा-दहा वर्षांसाठी सोपवाव्यात. त्यात भूमिहीन आणि मेंढपाळ कुटुंबांना आधी विचारावे. झाड वाळले तर ओळ परत घ्यायची, रोपे तगवली तर मुदत वाढवायची. गवताळ माळ यातून साफ वगळायचा. अभयारण्यात डिंकासाठी पाऊलही नको. खोडात टोचण्याचे औषध संशोधन संस्थेच्या शिफारशीशिवाय कुणी विकू नये. एवढे झाले तरी बारामती-इंदापूर डिंकाचे आगर होणार नाही, आणि मोरगावच्या धुपाटण्यातला लोबान बाहेरूनच येत राहील. पण सातपुड्यातल्या सालईला, सह्याद्रीतल्या धुपाच्या झाडाला किंवा कच्छच्या गुग्गुळाला वाचवायच्या योजना आखणाऱ्यांनी या दोन दुष्काळी तालुक्यांच्या बांधावर येऊन ही व्यवस्था आधी करून पाहावी. झाड चिवट आहे, बी मेंढ्या पेरतात, धनी ओळखीचा आहे, कायदा आडवा येत नाही. इतक्या सोप्या जागी ज्यांना वेचणाऱ्याचा हक्क आणि रास्त भाव यांची सांगड घालता येणार नाही, त्यांना ती वर्षावनात जमेल यावर विश्वास ठेवणे कठीण आहे.